पहिल्या तासाचं नाटक

टाळ्या थांबत नव्हत्या आणि मामा उठत नव्हते. सरांच्या उजव्या हातात लाकडी पाठीचा डस्टर होता, त्याच्या एका कोपऱ्याला काहीतरी ओलं लागलं होतं, आणि समोरच्या बाकांवरची पहिल्या वर्षाची मुलं खूश होऊन टाळ्या पिटत होती. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टीही मारली. मामा टेबलाच्या पायाशी एका कुशीवर पडले होते, दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरलेले, आणि बोटांच्या फटींतून रक्त येऊन मनगटावरून बाहीत उतरत होतं. ‘रंग कसला भारी आहे गं,’ असं पुढच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली, ते सरांना स्वच्छ ऐकू आलं. मग सवयीने, तोंडाला वळण पडलेलं होतं म्हणून, ते म्हणाले, ‘पडदा!’ त्याबरोबर टाळ्या आणखी वाढल्या. मामांनी ‘पडदा’ ऐकला तेव्हा कुठे ते मोठ्याने ओरडले.

दर वर्षी पहिल्या तासाला हे नाटक व्हायचं. सर फळ्यावर ‘मानसशास्त्र: इतिहास आणि प्रमुख दृष्टिकोन’ असं ठसठशीत अक्षरात लिहीत, वर्गाकडे पाठ करून उभे राहत, आणि दार धाडकन उघडून मामा आत घुसत. मामा म्हणजे विभागाच्या प्रयोगशाळेतले जुने शिपाई. वयाने सरांच्याच बरोबरीचे, पण शिपायाला मामा म्हणायचं म्हणून सगळे म्हणत आणि सरही म्हणत. एरवी अगदी नाकासमोर चालणारा माणूस, उपकरणं पुसून कपाटात लावणारा, कुणी आवाज चढवला तर ‘बरं बरं’ म्हणून बाजूला होणारा. पण त्या एका तासाला त्यांच्या अंगात यायचं. ‘माझ्या पोरीला नापास करतोस काय रे?’ अशी आरोळी ठोकून ते सरांची कॉलर धरत, गदागदा हलवत, ढकलून देत. सर जमिनीवर लोळण घेत आणि ‘पडदा’ म्हणत. मग दोघे उठून कपडे झटकत, मामा वर्गाला वाकून नमस्कार करत, आणि सर मुलांना सांगत, आता काय पाहिलंत ते लिहा. एकाचं दुसऱ्याशी जुळत नसे. कुणाला मामांच्या हातात सुरी दिसलेली असे, कुणाला टोपी, एकाने तर चक्क दोन माणसं पाहिली होती. तिथून सर शास्त्रात शिरत: आपण समोरचा माणूस जर असा पाहतो, तर आपलंच मन आत डोकावून कितपत खरं पाहू शकू? या शास्त्राची पहिली मंडळी हाच प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत बसली होती. फार रंगायचा तो तास. नाटकाचा नियम एकच. सर ‘पडदा’ म्हणेपर्यंत मामांनी थांबायचं नाही, सोंग सोडून पुन्हा मामा व्हायचं नाही. पाय मुरगळला तरी नाही, हसू आलं तरी नाही. मामांना या नियमाचा भारी अभिमान होता. चहाच्या टपरीवर ते सांगत, ‘अजून एकदाही मी मध्येच सोंगातून तुटलो नाही.’ आणि या वर्षी वरच्या वर्गातल्या पोरांनी नाटक आधीच फोडून ठेवल्यामुळे नवी मुलं तिकीट काढून आल्यासारखी ऐटीत बसली होती. एका माणसाने दुसऱ्याला मरेस्तोवर मारलं असतं तरी त्यांतलं कुणी उठलं नसतं.

मामा दर वर्षी काहीतरी नवं घालत. या वर्षी त्यांनी कॉलर धरली नाही. डावा कान धरला आणि पिळला. कानाच्या मुळाशी चर्र झालं आणि ती कळ दाढेपर्यंत उतरली. सरांची मूठ वर गेली आणि मामांच्या जबड्यावर बसली. हाडावर हाड आपटल्याचा आवाज वर्गात घुमला. मामा मागे भेलकांडले, आणि मग त्यांचे डोळे चमकले. त्यांना वाटलं, सरांनीही या वर्षी नवं काही घातलंय. ‘मारतोस? मला मारतोस?’ ते आनंदाने ओरडले आणि पुन्हा पुढे आले. दुसरी मूठ नाकावर बसली. तिसरी पोटात. चौथ्या वेळी मामा नुसते सरांच्या तोंडाकडे बघत राहिले, त्या एका शब्दाची वाट बघत. हात खाली ठेवून. त्यांनी हात वर केले असते, अडवलं असतं, ‘सर, अहो सर’ म्हटलं असतं तरी झालं असतं. पण नियम म्हणजे नियम. तेवढ्यात सरांच्या हाताला टेबलावरचा डस्टर लागला. मऊ बाजू वर होती. त्यांनी तो मनगटात फिरवून लाकडाची बाजू पुढे घेतली, आणि मारला. एकदा गालावर, आणि मामा वाकले तेव्हा एकदा डोळ्यावर.

मामांना घेऊन रिक्षा गेली, तास सुटला, आणि सर स्टाफरूमच्या बेसिनपाशी नळाखाली हात धरून उभे राहिले. बोटांची पेरं सुजून एकसारखी झाली होती. एका पेरावर कातडी निघाली होती. मामांचा दात लागला असणार. पाणी गुलाबी होऊन जाळीत जात होतं, मग नुसतंच पाणी जाऊ लागलं, तरी त्यांनी नळ बंद केला नाही. भीती वाटायला हवी होती, लाज वाटायला हवी होती, आणि ती येणार हे त्यांना माहीत होतं, उंबऱ्यापर्यंत आलेलीच होती ती. पण त्या घडीला, खोटं कशाला बोला, त्यांना हलकं वाटत होतं. खांदे सैल झाले होते. कित्येक वर्षं दात आवळून झोपणाऱ्या माणसाचा जबडा आज मोकळा होता. पोटात सपाटून भूक लागली होती. एवढं मारून आपल्याला भूक लागते, हे कळल्यावर मात्र त्यांना बेसिनमध्ये कोरडी ओकारी आली.

विभागप्रमुख मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या. ‘डोळा राहील असं डॉक्टरांना वाटत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘बुबुळच फाटलंय.’ सर खुर्चीत बसले. ‘सर, हे बघा, मी मुलांकडून लिहून घेतलं, ते कागद वाचले. नेहमीसारखेच आहेत. मामांनी आधी मारलं, तुम्ही आधी मारलंत, मामा स्वतःच टेबलावर आपटले, काय वाटेल ते लिहिलंय. जितकी डोकी तितक्या गोष्टी. यातून कुणाला काहीही सिद्ध करता येणार नाही.’ त्या जराशा हसल्या, आणि आपण हसलो हे कळून गप्प झाल्या. ‘प्रात्यक्षिकात अपघात. असं लिहिते मी. मामांना मी फोनवर विचारलं, तेही तेच म्हणतात. तुम्ही फक्त हो म्हणा.’ मॅडमच्या टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता. तो उचलून त्या नीटनेटक्या भांगावर घातला तर कसा आवाज येईल, हे सरांना ऐकू आलं. कुणी विचारलेलं नसताना ऐकू आलं, अगदी बारकाव्यांसकट. ते खुर्चीतून उठले. ‘आधी मामांना भेटून येतो,’ म्हणाले. मॅडम म्हणाल्या, ‘अहो, कशाला? उगाच ते काहीतरी बोलतील, तुम्ही काहीतरी बोलाल.’

दवाखाना फार लांब नव्हता. ते चालत निघाले. दुपारचं ऊन होतं, रस्त्याचं काम चाललं होतं, एक माणूस डांबर फोडायचं हातोडीयंत्र धरून थरथरत उभा होता आणि ती थरथर सरांच्या तळपायांतून वर चढत होती. आज फळ्यावर लिहिलेला मथळा तसाच राहिला असेल. काय इतिहास शिकवतो आपण? गोडगोड करून शिकवतो. माणसाला जाणून घ्यायची ओढ वगैरे. खरं म्हणजे ज्याला त्याला कुणाला तरी बांधून ठेवूनच मनाचा पत्ता लागला. भुकेलं मांजर खोक्यात कोंडलं आणि ते बाहेर पडायला किती धडपडतं ते पाहिलं. कुत्र्याच्या गालाला भोक पाडून त्याची लाळ नळीत घेतली. रांगत्या पोराला पांढरा उंदीर दाखवला आणि त्याच्या डोक्यामागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणला, पुन्हा उंदीर, पुन्हा हातोडा, ते पोर उंदीर पाहताच रडायला लागेपर्यंत. आणि रडायला लागल्यावर कुणीतरी समाधानाने टिपून ठेवलं असेल, जमलं म्हणून. एका मजुराच्या कवटीतून पहार आरपार गेली तेव्हा कुठे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम कळलं. बिचारा जगला, पण त्याचा स्वभाव बदलला. पुढे मग शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी मुद्दाम, डोळ्याच्या खोबणीतून, सळई घालून तेच केलं. वर्गात हे सांगताना मुली तोंडावर हात घेत आणि सर शांत आवाजात पुढचा मुद्दा घेत. त्यांच्या शांत आवाजाची कॉलेजात ख्याती होती. त्यांची बायको एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली होती, ‘तू कधी आवाजही चढवत नाहीस. मला त्याचीच भीती वाटते.’ तेव्हा त्यांना राग आला होता आणि त्यांनी तो हसण्यावारी नेला होता.

कान. कानाचं उत्तर तर तयारच होतं, ते शोधायलाही जावं लागत नव्हतं. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करत. दुकानात गिऱ्हाइकाशी इतके मऊ बोलत की लोक मुद्दाम त्यांच्याकडे येत. घरी आले की कान धरत. आधी काय चुकलं ते सांगत नसत, कान धरून खोलीतून खोलीत नेत, उजेड चांगला असेल तिथे उभं करत, आणि मग नेमकं मारत, जिथे लागतं तिथे. दादाला जास्त मारत, कारण दादा थोरला आणि दादा रडत नसे. एकदा मारताना दुकानाचं शटर ओढायचा लोखंडी आकडा लागला आणि दादाचं मनगट वाकडं झालं ते झालंच. आई दर वेळी म्हणायची, ‘रागाच्या भरात भान राहत नाही रे त्यांना.’ आणि लहानग्याने ते आपलं म्हणून जपलं. मोठा होऊन शास्त्र शिकला तेव्हा त्याला त्यासाठी भारदस्त शब्दही मिळाले. मनाच्या तळघरात दडपून ठेवलेलं काही असतं, एक दिवस ते कुलूप तोडून वर येतं, आणि ज्याला मारायचं तो समोर नसला की हाताशी असेल त्याला मारतं. किती सुबक. मामांचा हात कानाला लागला, मामा वडील झाले, आणि पोराने बापाला मारलं. यावर एखादा हुशार विद्यार्थी छान निबंध लिहील. हातोडीयंत्राच्या आवाजात सरांना तो निबंध ऐकू येत होता, आणि त्याच वेळी दुसरंच काहीतरी आठवत होतं, जे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वडील कामासाठी एका डोळ्याला छोटं भिंग लावत. संध्याकाळी कधीकधी ते तसंच लावून घरी येत आणि कामाला बसत. मारायच्या आधी ते भिंग काढत. फुंकर मारून, मऊ फडक्यात गुंडाळून, फळीवर अगदी आत सरकवून ठेवत. मग वळत. भान नसलेला माणूस भिंग नीट ठेवत नाही.

चौकात गर्दी होती. एका तरुणाचा खांदा सरांच्या सुजलेल्या हाताला लागला आणि कळ मस्तकात गेली. ते गर्रकन वळले. त्या तरुणाचा गळा, गळ्यावरची दाढी करताना पडलेली बारीक चीर, सगळं एकदम जवळ आलं, आणि अंगठा नेमका कुठे रोवायचा ते हाताला ठाऊक होतं. तरुण त्यांच्याकडे पाहून दोन पावलं मागे सरकला. ‘सॉरी काका, सॉरी,’ म्हणाला आणि गर्दीत घुसला. सर तिथेच उभे राहिले. आता हेही समजावता येईल. सवय लागली म्हणा: एकदा मारलं, हलकं वाटलं, ते बक्षीस ठरलं, आता हात बक्षीस मागतोय, कबुतरसुद्धा हे शिकतं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, तो विचाराच्या आधीच पेटतो म्हणा. किंवा समोरच्याच्या हालचालीचा अर्थ लावताना चूक झाली, धोका नसताना दिसला म्हणा. आणि अभ्यासक्रमातले ते प्रेमळ शेवटचे, माणूस मुळात चांगलाच असतो, त्याला फुलायला जागा हवी म्हणणारे, ते तर सरांनाच जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवतील. एवढ्या वर्षांत त्यांनी या सगळ्या दारांच्या किल्ल्या मुलांना वाटल्या होत्या. आज प्रत्येक दार त्यांच्यासाठी उघडं होतं. कुठूनही बाहेर पडा. आणि कुठल्याही दारातून बाहेर पडलं तरी मारणारे आपण नव्हतोच असं ठरत होतं. मारणारे वडील होते, कान होता, बदाम होता. मग नळाखाली उभं राहून जो हलका झाला तो कोण होता? त्यांना एकाएकी भयंकर भीती वाटली. डोळा जाईल याची नव्हे, नोकरी जाईल याचीही नव्हे. आज आपण ‘हो, अपघात’ म्हटलं तर हा हात उद्या कधी वर जाईल ते सांगायला आपल्यात कुणी उरणारच नाही, याची.

मामा खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. अर्ध्या तोंडावर बँडेज, उरलेला गाल सुजून चकाकत होता, ओठाला टाके. खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर त्यांची बायको होती. ती सरांना पाहून उठली नाही.

‘या सर,’ मामा म्हणाले. ओठ हलत नव्हता म्हणून शब्द फसफसत आले. ‘बसा. तिथे खुर्ची आहे.’

‘कसं वाटतंय मामा?’ असं विचारून सरांना स्वतःची किळस आली.

‘दुखतंय. इंजेक्शन दिलंय, पण ते ठणकतं बघा आतून.’ मामांनी पाठीमागची उशी सरकवली. ‘पोरं काय म्हणाली? कळलं का त्यांना?’

‘नाही कळलं. टाळ्या वाजवत होती.’

‘हां,’ मामा म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या उरलेल्या डोळ्यात जुना अभिमान आला आणि गेला. ‘तुटलो नाही ना मी?’

‘त्यांना काय विचारता?’ बायको एकदम म्हणाली. ‘कोंबडीसारखा मार खाल्ला आणि वर तुटलो नाही म्हणे! हात नव्हते तुम्हाला?’

‘तू थांब गं जरा.’ मामांनी तिच्याकडे न बघता हात हलवला. मग ते सरांकडे वळले आणि आवाज खाली आणून, जणू दोघांतलंच काही ठरवायचं असावं असं बोलू लागले. ‘मॅडमचा फोन आला होता. मी सांगितलं त्यांना, अपघात. मी खूप विचार केला सर, पडल्या पडल्या. तुम्हीच सांगता ना वर्गात, मी दाराबाहेर उभा राहून ऐकलंय किती वेळा, माणसाच्या डोळ्यांपुढे कधीकधी भलतंच कुणी येतं. तुमचंही तसंच झालं असणार. मी तो कान धरला ना, तेव्हा चेहराच बदलला तुमचा. मी म्हटलं, सरांना आता मी दिसतच नाहीये. हो ना? मला ओळखलं नव्हतं तुम्ही. एवढं सांगा फक्त. मग माझं काही म्हणणं नाही. डोळा गेला तर गेला, एकावर चालतं माणसाचं.’

बायको सरांकडे बघत होती. मामाही बघत होते, आणि त्यांच्या त्या एका डोळ्यात इतकी आर्जवं होती की ‘नाही ओळखलं’ म्हणणं हेच दयेचं काम ठरलं असतं. सरांना वाटलं, म्हणून टाकावं. एक शब्द. हा माणूस आज रात्री झोपेल, मीही झोपेन. जीभ टाळ्याला लागली होती.

‘ओळखलं होतं,’ ते म्हणाले.

मामांचा हात बँडेजकडे गेला.

‘कान पिळल्यावर मी दचकलो, ते तुम्हाला दिसलं. मग तुम्ही मला डोळा मिचकावलात. मुलांना दिसणार नाही असा, हळूच. तो मी पाहिला. तुम्हीच आहात, नाटक चाललंय, सगळं मला कळत होतं. त्यानंतर मारलं.’

‘पाहिला होता?’ मामांनी विचारलं. ‘मी तेवढ्यासाठीच तर मिचकावला. म्हटलं सर घाबरले, त्यांना कळू दे मीच आहे म्हणून.’

‘हो.’

‘आणि पडदा? मी वाट बघत होतो.’

‘तोंडात आला होता शब्द. म्हटला नाही. बरं वाटत होतं म्हणून म्हटला नाही.’ सरांचा शांत आवाज फाटला. ‘मॅडमना मी हेच सांगणार आहे. तुम्हीही तेच सांगा, मामा.’

बाहेर व्हरांड्यात ट्रॉलीची चाकं करकरत गेली. मामांनी मान भिंतीकडे वळवली. ‘हे नसतं सांगितलंत तर चाललं असतं हो,’ ते भिंतीलाच म्हणाले. मग कोरड्या आवाजात, ‘पाणी.’

पेला सरांच्याच बाजूच्या टेबलावर होता. त्यांनी तो उचलला आणि मामांच्या तोंडाशी नेण्यासाठी हात पुढे केला. मामांनी वळून पाहिलं, आणि झटक्यात कोपर वर घेऊन तोंड झाकलं. सबंध खाट हलली. पाय पोटाशी आले. चांगला डोळा त्यांनी कोपराच्या आत दडवला होता आणि ते जोरजोरात श्वास घेत होते. थोड्या वेळाने कोपराच्या आडूनच त्यांचा शरमलेला आवाज आला, ‘मुद्दाम नाही केलं सर. आपोआप झालं.’

सर पेला धरून तसेच उभे राहिले. पाणी हिंदकळून त्यांच्या सुजलेल्या बोटांवर सांडत होतं. मामांची बायको स्टुलावरून उठली, खाट आणि सर यांच्यामध्ये येऊन उभी राहिली, आणि तिने हात पुढे केला.

‘द्या इकडे,’ ती म्हणाली. ‘मी पाजते.’